अस्सल बिघाड

कॅलिफोर्नियातल्या घरांना गॅरेज असतं आणि त्यात गाडी सोडून सगळं असतं. गाडी बाहेर उन्हात उभी. आत घरातल्या पुरुषाने आपला दुसरा संसार मांडलेला. पहिल्या संसारात त्याला मत नसतं आणि दुसऱ्यात त्याच्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही, त्यामुळे एकंदर हिशेब जमतो. फ्रीमाँटमधल्या अशाच एका गॅरेजात आमचे साडू निवृत्त झाल्यापासून एक कार्ड बनवताहेत. तळहातावर मावेल एवढं कार्ड. १९७६ साली ते नवंकोरं ७५ डॉलरला मिळत होतं.

नोकरीत होते तोवर साडूंनी हात लावलेल्या चिपांमध्ये ट्रान्झिस्टर अब्जांनी मोजायचे. या कार्डावरच्या चिपा मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. झोप मात्र यांनी उडवली आहे, त्यांनी नाही.

हे कार्ड म्हणजे ॲपल-१ या संगणकाचा कॅसेट इंटरफेस. स्टीव्ह वॉझ्नियाकने घडवलेला ॲपल-१ विकायला आला तेव्हा त्याची किंमत ६६६.६६ डॉलर होती, आणि एवढ्या पैशांत मिळायचा तो नुसता बोर्ड. कीबोर्ड, पडदा, ट्रान्सफॉर्मर, खोकं हे ज्याचं त्याने बघायचं. शिवाय वीज गेली की या संगणकाची पाटी कोरी. बेसिक ही भाषासुद्धा तो जन्मतः शिकून आलेला नव्हता. सकाळी चालू केला की सकाळी शिकवायची, दुपारी बंद करून पुन्हा चालू केला की दुपारी पुन्हा. शिकवायचे मार्ग दोन. एक, ४,०९६ बाइट सोळा-अंकी पद्धतीत हाताने टाइप करायचे, आणि शेवटच्या ओळीवर आल्यावर घरात कोणी मिक्सरचं बटण दाबणार नाही अशी प्रार्थना करायची. दोन, तेच बाइट कॅसेटवरून त्याला ऐकवायचे. ऐकू येण्यासाठी जे कान लागतात ते म्हणजे हे ७५ डॉलरचं कार्ड. सोबत बेसिकची कॅसेट फुकट.

मूळ ॲपल-१ साधारण दोनशेच तयार झाले. त्यांतला एक २०१४ सालच्या ऑक्टोबरात बॉनहॅम्सच्या लिलावात हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९ लाख ५ हजार डॉलरला घेतला. तेव्हा अस्सल यंत्राचा मोह साडूंनी सोडला (मेहुणीने सोडायला लावला, असा पाठभेद आहे) आणि हुबेहूब नक्कल करायचं ठरवलं. नक्कल स्वस्तात पडेल, हा दोघांचाही समज.

आता, साधी नक्कल करणं सोपं आहे. मूळ बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो असतात, आराखडा उपलब्ध असतो. संगणकावर रेषा मारल्या, कारखान्याला फाइल पाठवली की आठवड्याभरात बोर्ड पोस्टाने दारात. पण या रेषा सरळ येतात, आणि तिथेच पहिला अपशकुन होतो. सत्तरच्या दशकात बोर्डाचा नकाशा पारदर्शक कागदावर काळ्या चिकटपट्ट्या चिकटवून, मोठ्या मापात, हाताने बनवत. वळणावर पट्टी किंचित सरकायची, रेषेला जराशी ढिलाई यायची. साडूंना ती ढिलाई हवी आहे. त्यासाठी ते मूळ कार्डाचा फोटो पडद्यावर भिंतीएवढा मोठा करतात आणि संगणकाने आपण होऊन सरळ केलेली प्रत्येक रेषा पुन्हा हाताने वाकडी करतात. आयुष्यभर लोकांच्या रेषा सरळ करण्याचा पगार घेतलेल्या माणसाला निवृत्तीत वाकडेपणाची एवढी ओढ लागावी, हे बघून बरं वाटतं.

मग येतात चिपा. जुन्या चिपेच्या पाठीवर चार आकडे छापलेले असतात: ७६२४ म्हणजे १९७६ सालच्या २४ व्या आठवड्यात बनलेली. कार्ड १९७६ चं आणि त्यावरची चिप ७८ सालची असली, तर ते कार्ड चालतं, पण साडूंना चालत नाही. म्हणजे वधूपेक्षा पत्रिकाच आधी बघायची. आणि पत्रिका म्हटली की खाडाखोड आलीच. बाजारात अशा चिपा मिळतात, की ज्यांची पाठ घासून, वर काळा रंग देऊन, त्यावर नवे आकडे छापलेले असतात. म्हणून आलेली प्रत्येक चिप साडू ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसतात. कापूस काळा झाला तर चिप बनावट. एकदा मेहुणीचं नेलपॉलिश रिमूव्हर या शोधकार्यात संपलं आणि ऐन सत्यनारायणाच्या दिवशी तिची दहा बोटं अर्धवट लाल राहिली. त्यानंतर गॅरेजात ॲसिटोनचा स्वतंत्र डबा आला.

सगळ्यांत मौज मात्र प्रॉमची. कार्डाला टेप कशी ऐकायची ते सांगणारा प्रोग्राम २५६ बाइटांचा. तो प्रॉम नावाच्या दोन छोट्या चिपांमध्ये अर्धा-अर्धा भरलेला असतो. या चिपांच्या पोटात अतिबारीक फ्यूज असतात. प्रोग्राम भरणं म्हणजे त्यांतले ठरावीक फ्यूज वीज घालून जाळणं. जळला तो जळला. पुसून पुन्हा लिहिणं नाही, क्षमायाचना नाही. आणि हे जाळायला यंत्र लागतं. आजची यंत्रं असल्या चिपांना ओळख देत नाहीत, म्हणून जुनं यंत्र आणलं. जुन्या यंत्राला प्रिंटरचा जुना पोर्ट असलेला संगणक लागतो, म्हणून जुना संगणक आणला. त्या संगणकाला डॉस लागतं, डॉसला फ्लॉपी लागते, आणि ती फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह वाचेना. म्हणजे साठवणुकीचं एक जुनं कार्ड बनवण्यासाठी साठवणुकीचं दुसरं जुनं यंत्र आधी दुरुस्त करायचं. मी गेलो होतो तेव्हा साडू तिसऱ्याच कुठल्यातरी यंत्राचं पोट उघडून बसले होते. ‘‘हे कशासाठी?’’ असं विचारल्यावर ते बराच वेळ आठवत राहिले.

एकदाचं कार्ड तयार झालं की त्याची परीक्षा. पहिला पेपर धुराचा. चिपा न बसवता वीज द्यायची आणि बघत राहायचं. धूर आला नाही तर पास. जुन्या टँटॅलम कपॅसिटरांना वीज दाखवताच पेट घ्यायची खोड असल्याने या वेळी गॅरेजचं दार उघडं ठेवतात, शेजारच्या चिनी आजोबांना कल्पना देतात आणि मेहुणी आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन दारात उभी राहते. तिच्या चेहऱ्यावर अशा वेळी कोणती भावना असते, हे मी निरखून पाहिलं आहे. काळजी नक्कीच नव्हती.

दुसरा पेपर खरा. सी१००आर असं टाइप केलं की कार्डाचा प्रोग्राम चालू होतो आणि पडद्यावर एक चांदणी उमटते. मग कुठून कुठवर भरायचं तो पत्ता द्यायचा: ई०००.ईएफएफएफआर. हा पत्ता आपल्याला पाठ पाहिजे, नाहीतर कॅसेटच्या लेबलावर लिहिलेला पाहिजे, कारण टेपवर तो नसतो. टेपला आपलं नाव, गाव, मुक्काम काहीही ठाऊक नसतं. १००० हर्ट्झचा एक हेलकावा म्हणजे १, २००० हर्ट्झचा म्हणजे ०, असं ती अर्धा मिनिट किंचाळते आणि कार्ड ते निमूट लिहून घेते. बरोबर ऐकलं का, याची खातरजमा करण्याची काहीही सोय वॉझ्नियाकने या कार्डात ठेवलेली नाही. आवाज थांबला तर कार्ड वाट बघत थांबतं. चालू राहिला तर जो असेल तो लिहून घेतं. ४,०९६ बाइट भरले की पडद्यावर एक तिरकी रेघ काढून मोकळं होतं. चूक झाली, असं ते म्हणत नाही. बरोबर झालं, असंही म्हणत नाही. असे कारकून मी पूर्वी पाहिले आहेत, पण ते यंत्र नव्हते.

हल्ली बरेचसे हौशी लोक कॅसेटऐवजी फोनवरूनच हा आवाज ऐकवतात. साडूंनीही फोन जोडला, आवाज पूर्ण चढवला, चांदणी आली, पत्ता दिला, किंचाळी सुरू झाली. आणि निम्म्यात नाशिकच्या मावशींचा व्हिडिओ कॉल आला. मावशी सवाष्ण-ब्राह्मण जेवल्याखेरीज फोन करत नाहीत आणि केला तर ठेवत नाहीत. फोनने अर्थातच बेसिक थांबवून मावशींची रिंगटोन वाजवली. ती रिंगटोन म्हणजे गणपतीची आरती. कार्डाने आरतीचे हेलकावे मोजून त्यांचे शून्य आणि एक केले, भरायचे राहिलेले बाइट भरले आणि तिरकी रेघ काढून दिली. साडूंनी ई०००आर असं टाइप करून बेसिक चालू केलं. पडद्यावर काय आलं ते मला वाचता आलं नाही. पण ज्या कोणत्या भाषेत ते होतं ती जगात त्याआधी कोणी बोललेलं नव्हतं.

फोनचा दोष सापडला तो सोपा. एरवी दोष कोणाचा, हे ठरवायचं कसं? कार्ड ठीक आहे की नाही हे तपासायला ठीक टेप पाहिजे. टेप ठीक आहे की नाही हे तपासायला ठीक कार्ड पाहिजे. दोन्ही ठीक असतील तर टेपरेकॉर्डरचा आवाज कमी असेल, किंवा जास्त असेल. वायर सैल असेल. मेमरीच्या एखाद्या चिपेने मान टाकली असेल. प्रॉममधला एखादा फ्यूज अर्धवट जळला असेल. जुन्या वाड्यात नळ कोणी चालू ठेवला, याची चौकशी करावी तसा प्रकार: प्रत्येक बिऱ्हाडाची जबानी दुसऱ्या बिऱ्हाडाच्या भरवशावर, आणि सगळी बिऱ्हाडं संशयित.

शेवटचा उपाय म्हणजे मेमरीत काय पोचलं ते प्रत्यक्ष वाचून पाहणं. ॲपल-१ ला आपली मेमरी पडद्यावर दाखवता येते, ओळीला आठ बाइट. बेसिकच्या ५१२ ओळी होतात. पडदा २४ ओळींचा. वर सरकलेली ओळ पुन्हा खाली आणता येत नाही. अक्षरं उमटतात सेकंदाला ६०, त्यापेक्षा वेगाने तो लिहीतच नाही, कितीही घाई असो. म्हणून थोडं थोडं मागवायचं आणि कागदावरच्या प्रतीशी ताडून बघायचं. या कामाला दोन माणसं लागतात. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, साडू पडद्याकडे तोंड करून म्हणत होते, ‘‘चार सी, बी शून्य, ई दोन, ए डी, अकरा, डी शून्य…’’ आणि मेहुणी कागदावर पेन्सिलीने टिंबं देत होती. दीड-दोन पानांनंतर तिचा डोळा लागला. पेन्सिल चालूच होती. साडू पुढे वाचत राहिले. शेवटी ‘‘सगळं बरोबर आहे,’’ असं ती झोपेतून दचकून म्हणाली आणि त्यांनी ते मानलं. त्या दिवशीचं बेसिक चाललं नाही, पण कागदोपत्री ते निर्दोष आहे.

तरी मला एक कोडं सुटत नव्हतं. कार्ड चाललं नाही म्हणून हा माणूस दर वेळी दुःखी दिसत नाही. दुःखी दिसतो तो कधी कधीच. हळूहळू उमगलं. बिघाडांच्या दोन जाती आहेत. एक घरचा बिघाड: सोल्डर नीट बसलं नाही, पाय वाकला, चिप उलटी लागली. हा सापडला की साडू ओशाळतात, कोणाला सांगत नाहीत. दुसरा अस्सल बिघाड: मूळ कार्डालाही जो त्रास होता तोच आपल्या कार्डाला होणं. ॲपल-१ चं कॅसेट कार्ड त्याच्या काळातही आवाजाच्या बाबतीत नखरेल होतं. बटण जरा इकडे झालं की रुसलं, जरा तिकडे झालं की फुगलं. साडूंचं कार्ड ज्या दिवशी नेमकं असंच रुसलं, त्या दिवशी त्यांनी मला मध्यरात्री पुण्याला फोन केला. (मध्यरात्र माझी.) ‘‘अहो, आठावर घेत नाही, नवावर घेत नाही, साडेआठावर घेतं! अगदी मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं!’’ मुलीला नोकरी लागली तेव्हा त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता.

जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींत सनातनी आणि सुधारक असे दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार जेमतेम आहे. सुधारक म्हणतात, जुन्या संगणकाला एक नवं कार्ड लावा, त्यात एसडी कार्ड खुपसा आणि सुखी व्हा. आकडे त्यांच्या बाजूने आहेत. ॲपल-२ ची फ्लॉपी १४० किलोबाइटांची. ३२ गिगाबाइटांच्या नखाएवढ्या कार्डात अशा दोन लाखांवर फ्लॉप्या मावतात. तेवढ्या प्रोग्रामांना तेव्हा जगाने जन्मच दिला नव्हता, हा भाग वेगळा. सनातनी यावर फक्त एवढंच विचारतात: आवाज येतो का?

आवाज म्हणजे डिस्क-२ चा, ॲपल-२ च्या फ्लॉपी ड्राइव्हचा. साडूंचा पुढचा प्रकल्प तो. त्याचं कूळ थोर आहे. १९७८ सालच्या जानेवारीत लास व्हेगासला इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन होतं. जाणार होती ॲपलच्या विक्रीखात्याची माणसं. वॉझ्नियाकला व्हेगास बघायचं होतं. त्याने विचारलं, तोवर फ्लॉपी ड्राइव्ह चालवून दाखवला तर मला नेणार का? हो म्हणाले. नाताळच्या सुट्टीत बसून त्याने जे कार्ड रचलं ते बघून आजही इंजिनिअर टोपी काढतात: इतरांना जिथे चिपांचं रान लागायचं, तिथे याच्या आठ. पुढे त्याचा नकाशाही त्याने स्वतःच रात्री जागून घातला, आणि पुरा झाल्यावर लक्षात आलं की एक रजिस्टर उलट दिशेने चालवलं तर बोर्डाची दोन-चार भोकं वाचतील. मग सगळा नकाशा पुन्हा घातला. साडू ही गोष्ट सांगताना गहिवरतात. मेहुणीच्या मते, एवढ्या दोन गोष्टींवरून वॉझ्नियाकचा संसार तेव्हा कसा चालला असेल हे कोणीही ओळखेल.

चिपा वाचवायच्या नादात त्याने ड्राइव्हमधलं बरंच काही काढून टाकलं. त्यात हेड आत्ता कुठल्या वर्तुळावर आहे हे सांगणारी खूणही गेली. त्यामुळे चालू होताच ड्राइव्ह काय करतो, तर हेड मागे, मागे, मागे रेटतो आणि अडथळ्याला लागल्यावरही रेटतच राहतो. खटखटखटखट असा तो आवाज. एवढं आपटून झाल्यावर नक्की शून्यावर आलो असू, असं गृहीत धरून पुढचं काम. ज्यांचं बालपण या यंत्रासमोर गेलं ते हा आवाज ऐकून डोळे मिटतात. पहिल्यांदा ऐकणारा माणूस वीज बंद करायला धावतो. मीही धावलो होतो. साडूंनी वाटेतच धरलं.

या कार्डाची परीक्षा मात्र जिवावरची आहे. ड्राइव्हची चपटी केबल २० पिनांची, आणि ती एक घर सरकवून लावली तरी आरामात बसते. अडवायला खाच नाही. बसली आणि वीज दिली, की ज्या पिनेला पाचच व्होल्टांची सवय तिथे बारा पोचतात आणि ड्राइव्हमधली ७४एलएस१२५ नावाची चिप देवाघरी जाते. जगभर या चिपेचे साठे हौशी लोकांच्या खणात पडून असतात ते एवढ्याचसाठी. साडूंकडे तिची अख्खी नळी आहे. केबल लावताना ते पिना मोठ्याने मोजतात आणि त्या वेळी घरात कोणी कुठलाही आकडा उच्चारायचा नाही असा दंडक आहे. किती वाजले, हेसुद्धा विचारायचं नाही.

मग फ्लॉपीच्या फिरण्याचा वेग. मिनिटाला ३०० फेरे पाहिजेत. ड्राइव्ह उलटा केला की खाली चाकावर काळ्या-पांढऱ्या खुणांची दोन वर्तुळं दिसतात, एक ५० हर्ट्झच्या देशांसाठी, एक ६० हर्ट्झच्या. ट्यूबलाइटच्या उजेडात चाक फिरवायचं आणि खुणा जागच्या जागी थिजल्यासारख्या दिसेपर्यंत स्क्रू पिळायचा. बिनखर्चाची, सुरेख युक्ती. फक्त साडूंच्या घरात सगळीकडे एलईडी दिवे. एलईडीचा उजेड सपाट. खुणा थिजत नाहीत, नुसत्या करड्या होतात. हौसेने नवी ट्यूब आणली तर तिचा चोक इलेक्ट्रॉनिक निघाला. तीही पुरेशी लुकलुकेना. पाहिजे होती आपल्या लहानपणची, स्टार्टर टिचकावल्यावर तीन आचके देऊन पेटणारी, पट्टीच्या चोकवर गुणगुणणारी ट्यूब. वेग मोजायला शंभर डॉलरचं यंत्र मिळतं आणि ते साडूंकडे आहे. ते वापरून वेग बरोबर आलाही होता. पण मॅन्युअलमध्ये ट्यूबलाइट लिहिली आहे.

म्हणून यंदा आम्ही जायला निघालो तेव्हा दोन याद्या आल्या. मेहुणीची: बाकरवडी, भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, ‘‘भाऊजी, चटणी विसरलात तर घरात घेणार नाही.’’ साडूंची: पट्टीचा चोक एक, स्टार्टर दोन, आणि एक जुना, मोनो, आवाजाला फिरवायचं बटण असलेला टेपरेकॉर्डर, जुन्या बाजारात मिळेल, पट्टा विरघळलेला असला तरी चालेल. चोक म्हणजे लोखंडाचा ठोकळा. टेपरेकॉर्डर त्याहून जड. वजनकाट्यावर बॅग ठेवून बायको एकेक जिन्नस काढत गेली. आधी भाजणी गेली, मग निम्मी बाकरवडी. चटणीवर आल्यावर ती थांबली, विचार केला, टेपरेकॉर्डर पालथा घातला, मोठ्या सेलांच्या कप्प्याचं झाकण उघडलं आणि चटणीच्या चार सुरळ्या त्यात ठाकूनठोकून बसवल्या.

प्रवासात त्यांतली एक फुटली. पोचल्यावर साडूंनी आमच्या हातात पाण्याचे पेले देण्याआधी टेपरेकॉर्डर ताब्यात घेतला, गॅरेजात नेला, झाकण उघडलं आणि आतली लाल पूड बघून मान हलवली. ‘‘सेल फुटून गंज चढलाय,’’ ते आनंदाने म्हणाले. ‘‘अगदी अस्सल आहे.’’ आम्ही मागोमाग पोचेपर्यंत त्यांनी कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून निम्मी चटणी पुसून काढली होती, आणि उरलेल्या सुरळ्यांवर तारखेचे आकडे कुठे दिसतात का, ते भिंग लावून बघत होते.